पश्चिमेकडे पाठ केलेला एसी

मित्रांनो, मी एक जुना एसी आहे. भिंतीवर ऐटीत टांगलेला आजकालचा नव्हे. खिडकीत ठोकून बसवलेला, चौकोनी, घरघरणारा. माझं तोंड खोलीत आणि पाठ बाहेर, पश्चिमेला. म्हणजे सगळं ऊन पाठीवर घ्यायचं आणि तोंडानं मात्र गार बोलायचं. असा एक माणूस तुमच्याही घरात असेल, शोधून पाहा.

माझा जन्म कुठला? अंगावरची पाटी उन्हानं पुसली गेली आहे, त्यामुळे मी जपानचा, असं सांगतो. कोण तपासायला येणार?

शैलेंद्रनं मला दुबईत, अल कुसैसच्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बसवलं, तेव्हा त्याची मुलगी ईशानी रांगत होती. माझ्या तारुण्याचं काय सांगू! एका ऑगस्टमध्ये मी असा काही सुटलो की ईशानीच्या आईनं, अनुपमानं टेबलावर ठेवलेलं वरण थिजलं आणि ते सुरीनं कापून वाढावं लागलं. त्याच दुपारी माझ्या पाठीच्या पत्र्यावर कबुतरीनं घातलेलं अंडं उकडून निघालं. खोटं वाटत असेल तर कबुतरीला विचारा. ती पत्ता मात्र ठेवून गेलेली नाही. पाहुणे आले की शैलेंद्र बैलाच्या पाठीवर मारावी तशी माझ्यावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "हबीबी आहे आमचा, जिवलग!"

मग मंदी आली. खिडकीबाहेर सदा हलणाऱ्या क्रेन जागच्या जागी थांबल्या. शैलेंद्रची बांधकाम कंपनी एका दुपारी खलास झाली. घरात काटकसर सुरू झाली आणि उन्हाळा तोंडावर आला तरी मला कुणी चालू करेना. पण मित्रांनो, बंद एसीला फार चांगलं ऐकू येतं. एरवी आपल्याच घरघरीत आपण बुडालेले असतो.

शैलेंद्रला दुसरं काम मिळालं ते मुसफ्फाला. इथून पश्चिमेकडे, अबू धाबीच्या अंगाला. "मी एकटा जातो," तो म्हणाला. "चार जणांत खोली घेईन. तुम्ही दोघी डोंबिवलीला जा. सहाच महिने." त्या दिवसापासून अनुपमाचा कांदा फार बारीक चिरला जाऊ लागला.

अशात ईशानीला शाळेतून प्रोजेक्ट मिळालं. तिची शाळा अमेरिकन पद्धतीची होती. ती टेबलाशी बसली आणि म्हणाली, "आई, व्हाय डिड पीपल मूव्ह वेस्ट सो फास्ट?"

अनुपमाचं मन तेव्हा डोंबिवलीत होतं. हात न थांबवता ती म्हणाली, "वेस्टला सगळं जवळ गं. स्टेशन जवळ, मार्केट जवळ. ईस्टला तेव्हा पाणी तरी धड यायचं का?"

ईशानीनं तेवढं लिहून घेतलं आणि मग ती किंचाळली. "आई! अमेरिका! नाइन्टीन्थ सेंच्युरी!"

शैलेंद्र हसला. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. हसता हसता खुर्चीवरून घसरला, एवढा.

"वेट, बाबा," ईशानी पुस्तक चाळत म्हणाली. "स्टेशन इज करेक्ट. जिथे रेल्वे गेली, तिथे टाऊन्स झाले."

"बघ! मला हसतोस!" अनुपमानं सुरी रोखली.

मग ईशानी एकेक कारण वाचू लागली. पश्चिमेला जमीन होती. पुढे तर कायदाच झाला, पाच वर्षं कसा आणि एकशे साठ एकर तुमची. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं. पश्चिमेच्या समुद्रापर्यंतचा मुलूख देवानंच आपल्याला दिलाय, अशी त्या लोकांची पक्की समजूत होती. आणि पूर्वेकडच्या बँका बुडाल्या, कामं गेली, म्हणून लोक उठले आणि निघाले.

शैलेंद्रचं हसू थांबलं. "तेव्हा पण?"

"एटीन थर्टी-सेव्हन, बाबा."

ईशानी पुस्तकाकडे बघत राहिली आणि मग तिनं हळूच विचारलं, "बाबा, आर यू गोल्ड ऑर लँड?"

"म्हणजे काय गं?"

"गोल्डवाले बहुतेक एकटे गेले. म्हणायचे, थोडं मिळालं की बॅक होम. सगळे नाही आले बॅक. लँडवाले फॅमिली घेऊन गेले. सगळ्यांना. एकाच वॅगनमध्ये, बैलगाडीसारख्या."

सुरी थांबली. मी बंद होतो, तरी खोली गार पडली.

"मुसफ्फाला काय आहे, सांग?" शैलेंद्र म्हणाला. "वर्कशॉप, धूळ, कंपनीच्या बसेस. तिथे तुम्हाला कुठे नेऊ?"

"आणि डोंबिवलीत मी काय करू?" अनुपमा म्हणाली. "स्टेशन जवळ आहे म्हणून रोज जाऊन बाकावर बसू? एक खोली तर एक खोली. यल्ला, चला, तिघं जायचं."

शैलेंद्रनं मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं, म्हणजे माझ्याकडेच. त्याचे डोळे मी पाहिले. ते मी कुणाला सांगणार नाही.

सामान बांधलं गेलं. "एसीला नेऊ या ना," ईशानी म्हणाली. "तिथं आहे गं एसी," शैलेंद्र म्हणाला. तिनं माझ्या जाळीवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "वॅगनवाले पण जड वस्तू वाटेत टाकायचे. चुली, पियानो. बैल थकायचे ना." मी जड होतो, हे खरंच आहे.

तेव्हापासून सूर्य रोज माझ्या पाठीमागून त्यांच्याकडे जातो. मला तिकडे वळता येत नाही. माझ्या जाळीत अजून त्यांच्या घरची धूळ आहे. ती कुणी पुसू नये, असं पहिल्यांदाच वाटतंय.

परवा एजंट आला, नवं बिऱ्हाड घेऊन. दार ढकलून म्हणाला, "देखो, खाली है. एकदम खाली."

मला ईशानीच्या प्रोजेक्टचं शेवटचं पान आठवलं; ते वाचताना तिचा आवाज उतरला होता. पश्चिमेचा तो मुलूख रिकामा नव्हताच. तिथं पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहत होती. त्यांना हाकलून तो रिकामा म्हटला गेला.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं. जड वस्तू टाकावी लागली तर टाका, माणूस टाकू नका. आणि कुणी एखादी जागा रिकामी आहे म्हणालं, तर सामान आत घेण्याआधी उंबऱ्यावर क्षणभर थांबा आणि विचारा, इथे कोण होतं?