अंगातली स्प्रिंग

मित्रांनो, मी एक जुनी नळी हाय. प्लास्टिकची, पेनातल्या रिफिलीएवढी. हसू नका, आधी ऐका तर!

औशाच्या शिवकांताबाईंच्या पित्ताच्या वाटंत खडा अडकला. कावीळ झाली, डोळे हळदीवानी पिवळे! लातूरच्या डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घातली अन् मला त्या वाटंत बसवलं. तुंबलेलं पित्त भळाभळा वाहिलं, हळूहळू डोळे पांढरे झाले. "नळीनं जीव वाचवला," सगळी म्हणाली. मी लई फुगले.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "तीन महिन्यांनी या. खडा बी काढू, नळी बी." कार्डावर तारीख लिहून दिली. पण घात केला एका शब्दानं. वार्डातली मावशी बोलून गेली, "स्प्रिंग बसली बरं का!" आता आपल्याकडं स्प्रिंग म्हंजे काळजातली. शिवकांताबाईंच्या दिराला तसली बसवून नऊ वर्षं झालती.

तारीख आली. सून स्वप्नाली कार्ड घेऊन मागं लागली, "आत्याबाई, काढायची हाय वो ती."

"भाऊजींची काढली का कुणी?"

"त्यांची काळजातली. ही येगळी."

"लई शिकलीस गं!" गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून त्या हसल्या. "अंगावरचं लिंग अन् अंगातली स्प्रिंग, मरेपर्यंत काढत न्हाईत."

शिवकांताबाईंचे मालक गुरुपादप्पा बी हसले, "दुखायलंय का? न्हाई ना? मग कशाला उकरायचं?"

दुखत नव्हतं, खरंय. पण मी आतून गाळानं भरत होते. अकराव्या महिन्यात माझी पकड सुटली, मी घसरले, अन् माझं टोक आतड्यातून आरपार! असं लई कमी जणांला होतं म्हणे. त्यांना झालं. पोटात घाण पसरली. पोट फाडून मला काढलं. दुसऱ्या दिवशी शिवकांताबाई गेल्या.

डॉक्टरांनी मला बाटलीत घालून दाखवलं. गुरुपादप्पा बघतच राहिले.

"ही तर नळी हाय," ते म्हणाले. "मग स्प्रिंग कुठंय?"

स्वप्नालीनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

लिंगायतांच्या रीतीनं लिंग शिवकांताबाईंच्या हातात देऊन त्यांना मातीत बसवलं. मी हितं, बाटलीत. मित्रांनो, घरात कुणाच्या पोटात माझी बहीण असंल तर आजच कार्ड काढा, तारीख वाचा, अन् सून सांगती तर ऐका. मरेपर्यंत काढत न्हाईत, म्हणाल्या होत्या शिवकांताबाई. एकाच दिवसानं चुकल्या.