रतनबाईचा पिठा

भिंगारच्या कल्याण पिठेवाल्याला आडनावाचं विचारलंत, की तो न अडखळता सांगायचा, "पिठाची गिरणी हो आमची, पिढीजात!" थाप मारावी तर अशी, ऐकणाऱ्याच्या गळ्याखाली सहज उतरणारी. गिरणी त्याच्या बापानं टाकलेली, तीसुद्धा आडनावावर पांघरूण घालायला. मूळ धंदा पिठ्याचा. पिठा म्हणजे दारूचं दुकान, इंग्रजाच्या राज्यातलं, छावणीच्या हद्दीला लागून. चालवायची कोण, तर कल्याणची पणजी रतनबाई. नवरा गेल्यावर बाई पदर खोचून गल्ल्यावर बसली. गोरा शिपाई असो नाहीतर घोड्यांचा मोतद्दार, पिऊन गोंधळ घातला की बखोट धरून बाहेर. काय बिशाद होती कुणाची तिच्यापुढं बोलायची!

पुढं कल्याणच्या बापानं गळ्यात माळ घातली आणि घरात रतनबाईचं नाव काढायची चोरी झाली. भिंतीवरचा तिचा फोटो गेला. कुठं गेला, देव जाणे.

नाव काढायची ती एकटी भीमाआत्या. कल्याणच्या बापाची बहीण, लहान वयात कपाळ पांढरं होऊन माहेरी आलेली. तिला आजीनं, म्हणजे रतनबाईनंच, वाढवलेलं. कल्याण पोरगा होता तेव्हा आत्या त्याला मांडीवर घेऊन सांगायची, "मानमोडीच्या तापात घरंच्या घरं बसली बघ. तवा आजीनं एका मुसलमानाचं तान्हं लेकरू शेळीच्या दुधावर जगवलं." बाप ओरडायचा, "बास कर तुझ्या बाता!"

कल्याण मोठा झाला, देवळाच्या पंचांत बसायला लागला, आणि बापाचंच गाणं गायला लागला. "आत्या, लोकांत ते काढत जाऊ नकोस गं." आत्या हिरमुसायची. "आरं, एकदा तरी कुनीतरी तिला चांगली म्हनल का न्हाई? मला तेवढं ऐकू दे, मंग मी जाते." दुसरं काही म्हातारीनं कधी मागितलं नाही. पण सारखं गप्प गप्प करून कुणाचंही तोंड मिटतं. गेल्या काही वर्षांत ती बोलेनाशीच झाली.

अश्विनीचं, कल्याणच्या लेकीचं, जमत आलं. मुलगा हर्षल श्रीगोंद्याचा, साखर कारखान्यात चांगल्या नोकरीला, माणसं माळकरी. पाहुणे बोलणी पक्की करायला यायचे त्या सकाळी कल्याणनं आत्याला समोर बसवून घोकून घेतलं. "कुणी विचारलं तर काय सांगायचं? रतनबाईची पिठाची गिरणी होती. म्हण." आत्या म्हणाली. चुकली, की तो चिडायचा, आणि ती परत पहिल्यापासून म्हणायची.

पाहुण्यांचे पोहे संपत आले आणि दाराशी रिक्षा थांबली. एक म्हातारी उतरली, नातीचा हात धरून. कल्याण लगबगीनं बाहेर गेला.

"भाऊ, रतनबाईचा पिठा म्हन्त्यात त्यो ह्योच का?" म्हातारीनं विचारलं. "आमी शेवगावहून आलो. मानमोडीत माझ्या बापाचे मायबाप इथंच छावणीत वारले. रतनबाईनं त्याला शेळीच्या दुधावर जगवला, मंग शेवगावचा चुलता येऊन घेऊन गेला. बाप मरताना म्हनला, बेटी, एकदा त्या उंबऱ्याला हात लावून ये. लई वर्सं राहूनच गेलं बघा."

कल्याणनं वळून आतल्या दाराकडं बघितलं. म्हणजे आत्याच्या बाता नव्हत्या! ते लेकरू खरंच होतं, आणि त्याची लेक दारात उभी होती. आत्या आतल्या खोलीत होती. दहा पावलं चालायचं, हाताला धरून बाहेर आणायचं, झालं. पण पाठीमागं कपबशा वाजत होत्या, आणि अश्विनीचा हसण्याचा आवाज येत होता.

"पिठा नाही हो आजी, पीठ," तो हळूच म्हणाला. "पिठाची गिरणी आहे आमची. तुमचा पत्ता चुकला."

म्हातारीचं तोंड एवढंसं झालं. तिनं उंबऱ्याकडं एकदा बघितलं, पण परक्याच्या दाराला हात कसा लावायचा? "माफ करा हां भाऊ, कार्याचं घर दिसतंय," म्हणाली आणि नातीला घेऊन परत रिक्षात बसली.

कल्याण आत आला. हर्षलचे वडील, कानिफनाथराव, मिशीत हसत होते. "कोण होतं हो?"

"गिऱ्हाईक. गिरणीचं."

"अहो पिठेवाले, सोयरीक काय चौकशी केल्याशिवाय करतं का कुणी? माझा आजा छावणीत मोतद्दार होता. रतनबाईच्या पिठ्यावर गडी जास्त झाला की बाई पेला काढून घ्यायची, भाकरी खायला घालायची आणि मग घरी धाडायची. आजी म्हणायची, त्या बाईनं माझा संसार राखला. त्या घरातली पोरगी म्हटल्यावर आम्ही दुसरं स्थळ बघितलंच नाही!"

सगळे हसले. कल्याण तसाच उठला आणि अनवाणी रस्त्यावर पळाला. रिक्षा कुठली सापडायला! नाव विचारलं नव्हतं, गल्ली विचारली नव्हती. एवढ्या मोठ्या शेवगावात आता कुणाच्या दाराशी जाऊन उभा राहणार होता? भर रस्त्यात त्यानं स्वतःला शिव्या घातल्या. बघणारे बघत राहिले.

लग्न ठरलं, पेढे झाले, पाहुणे गेले. कल्याण आत्याच्या पायाशी जाऊन बसला. डोळे भरले होते, ते त्यानं पुसलेही नाहीत. "आत्या, तुझं खरं होतं गं. त्या लेकराची लेक आली होती आज. पाव्हण्यांनीसुद्धा रतनबाईला चांगली म्हटलं. आता सांग मला. पहिल्यापासून सगळं सांग, मी ऐकतो."

आत्यानं त्याच्याकडं बघितलं. मग दाराकडं. पदर नीट केला, ताठ बसली.

"रतनबाईची पिठाची गिरणी हुती," ती म्हणाली.

"नाही गं आत्या. पाहुणे गेले. आता खरं सांग, ते लेकरू, ती शेळी..."

म्हातारी गोंधळली. ओठ हलले, कपाळाला आठ्या पडल्या. बराच वेळ तिनं काहीतरी शोधलं, आणि काहीच हाताला लागलं नाही. मग घाबरून तिनं कल्याणचा हात घट्ट धरला.

"रागवू नको रं," ती म्हणाली. "बराबर म्हनले ना मी?"