एन्सिओचं वजन आणि माझी अक्कल

रोज सकाळी सात वाजता मी एन्सिओला फोन लावायचो. तो उचलायचा, "जिवंत" म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. बस, एवढंच बोलणं. दोन वर्षं चाललं हे.

कारण असं, की झोपेत त्याचा श्वास बंद पडायचा. तोंडाला मुखवटा लावून झोपायचा, मशीन रात्रभर हवा फुंकायचं. तरी डॉक्टरनं तोंडावर सांगितलेलं, वजन असंच राहिलं तर एखाद्या सकाळी फोन नुसता वाजत राहील. घरात दुसरं कुणी नाही. लग्न केलं नाही लेकानं. म्हणायचा, बर्फ पडला की मला पहाटे तीनला उठायला लागतं, कोण बाई राहील?

मी एकतीस वर्षं लाकडाचा ट्रक चालवला आणि एन्सिओनं रस्त्यावरचा बर्फ काढायचं यंत्र. माझी गाडी भरून निघायच्या आत तो रस्ता मोकळा करून ठेवायचा. आमची दोस्ती ही अशी. एकमेकाला नीट बघितलं ते दहा वर्षांनी.

शनिवारी सौना, म्हणजे वाफेच्या खोलीतली अंघोळ, माझ्याकडं, तळ्याकाठी. आमच्या कुहमो गावात शनिवारी सौना झाली नाही तर आठवडा संपला असं कुणी मानत नाही. माझ्या सौनात तीन बाक आहेत, पायऱ्यांसारखे. वर सगळ्यात जास्त वाफ, म्हणून जाणता माणूस वर बसतो. चार वर्षांमागं वरची फळी एन्सिओखाली मोडली. धाडकन! तो खाली, मी त्याच्यावर. हसून हसून दोघांचं पोट दुखलं. पण त्यानंतर तो वर चढला नाही. सगळ्यात खालच्या बाकावर बसायचा, जिथं पोराटोरांना बसवतात. मी वर एकटा. त्याच्या टकलाशी बोलायचो.

मी फळीला दोन खिळे ठोकले आणि विसरलो. तो विसरला नाही.

तर गेल्या हिवाळ्यात त्याच्या ऑपरेशनचा नंबर लागला. पोटातली पिशवी कापून लहान करतात, मग माणूस खातो थोडं. मार्चची तारीख मिळाली. पण अट होती. वजन होतं एकशे अडुसष्ट किलो, ते आधी एकशे एकोणसाठवर आणायचं. नाही आणलं तर तारीख रद्द आणि परत रांगेत, शरद ऋतूपर्यंत.

खायला काय? पाकिटातली पावडर. पाण्यात ढवळायची, दिवसातून पाच वेळा. वर काकडी आणि कोबी, पाहिजे तेवढा.

"कशी लागते?" मी विचारलं.

"भिंतीला कागद चिकटवायची खळ असते बघ. त्यात व्हॅनिला."

पण प्यायला लागला. घरातल्या काट्याला दीडशेच्या पुढं मोजताच येत नव्हतं, म्हणून दर बुधवारी मी त्याला पशुखाद्याच्या दुकानात न्यायचो. तिथं मागच्या बाजूला बटाट्याची पोती मोजायचा काटा आहे. एन्सिओ बूट काढून, कोट काढून त्यावर उभा राहायचा. दुकानदार तोंड फिरवून पोती मोजल्यासारखं करायचा. चांगला माणूस.

एकशे पासष्ट. एकशे त्रेसष्ट. मग काटा अडला. तपासणीच्या आदल्या दिवशी बघितलं तर एकशे एकसष्ट.

गाडीत बसून त्यानं पट्टा ओढून लावला. मग म्हणाला, "दोन किलो. दोन किलोसाठी मी अजून सहा महिने सकाळी सातला तुझा आवाज ऐकायचा."

"माझा आवाज एवढा वाईट आहे का?"

"वाईट नाही रे. सहा महिने पुरणार का, ते बोलतोय मी."

आता इथं माझी अक्कल आली. मी म्हणालो, "तपासणी उद्या दोनला आहे. सकाळी सौना तापवतो. दोन किलो घाम काढू तुझा."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी डॉक्टरच झालोय.

सकाळी सहाला चूल पेटवली. फ्रीजरमध्ये सौनात अंग झोडायची जुडी होती, उन्हाळ्यात बर्च झाडाच्या पाल्यासकट डहाळ्या तोडून बांधलेली, ती गरम पाण्यात सोडली. तीन वेळा आत गेलो. चुलीवरच्या तापल्या दगडांवर पाण्याच्या पळ्या ओतल्या, जुडीनं त्याची पाठ झोडली, तो खालच्या बाकावर "अजून, अजून" करतोय. पाण्याचा घोट पिऊ दिला नाही मी त्याला. तिसऱ्या वेळी बाहेर पडताना त्यानं दाराची चौकट धरली आणि तसाच उभा राहिला. ओठ पांढरे.

"काय झालं?"

"काही नाही. चल, उशीर होईल."

मोठ्या इस्पितळापर्यंत दीड तास. मी बाहेर बाकड्यावर बसलो, तो आत गेला. काटा दाखवतो एकशे अठ्ठावन्न आणि वर नऊशे ग्राम. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त दार उघडलं आणि नर्स बाहेर आली. तुइया नाव तिचं. पन्नाशीची, ठेंगणी, कोपरं बर्फ फोडायच्या पहारीसारखी.

"याच्याबरोबर आलेले तुम्हीच का?"

"मीच."

"आत या."

आत एन्सिओ सदरा वर करून बसलेला, तोंड टोमॅटोसारखं. तुइयानं चिमट्यात काहीतरी धरलं होतं. बर्चचं पान. ओलं, हिरवंगार.

"बाहेर गुडघाभर बर्फ," ती म्हणाली. "झाडांवर एक पान नाही. आणि हे यांच्या पाठीला चिकटलेलं. किती वेळा?"

एन्सिओ जमिनीकडं बघत होता. मी म्हणालो, "तीन."

"पाणी?"

"नाही दिलं."

"रक्तदाब बघा यांचा. गाडीतच आडवे झाले असते, तर काय केलं असतं तुम्ही? जुडीनं मारलं असतं?"

तिनं त्याला पाण्याचा मोठा ग्लास दिला, मग दुसरा. मग खुर्ची ओढून आमच्या समोर बसली आणि आवाज खाली आणला.

"ऐका. आम्हाला तुमचा आकडा नकोय. आम्हाला तुमचं लिव्हर लहान करून पाहिजे." तिनं डाव्या हाताची मूठ वळली आणि उजवा पंजा तिच्यावर पसरून ठेवला. "ही पोटातली पिशवी. हे लिव्हर, वरून झाकण घातल्यासारखं. डॉक्टरला हे उचलून खाली जायचं असतं. चरबीनं फुगलेलं असलं तर उचलता येत नाही, फाटतं, रक्त येतं. मग पोट शिवून परत पाठवायला लागतं. काटा घामाला फसतो, लिव्हर फसत नाही. खळ प्यायलात तेवढंच ते बारीक होतं."

"तिला खळीचं कसं कळलं?" मी हळूच एन्सिओला विचारलं.

"सगळे तसंच म्हणतात," ती म्हणाली. "काल किती होतं वजन?"

"एकशे एकसष्ट," एन्सिओ म्हणाला. "बटाट्याच्या काट्यावर."

तिनं तेच लिहिलं. एकशे एकसष्ट. मग बाहेर जाऊन डॉक्टरशी बोलून आली. ऑपरेशनला अकरा दिवस होते. येत्या गुरुवारी परत यायचं, सौना न करता, पाणी पिऊन. एकशे एकोणसाठ भरलं तर तारीख राहील. नाहीतर शरद ऋतू.

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "माझंच चुकलं."

"हो," तो म्हणाला. मग काच खाली करून म्हणाला, "पण वाफ झकास होती."

घरी आलो. बायकोनं, राइलीनं, सॉसेज तळलेलं. ताट समोर आलं आणि मला त्या टकलाची आठवण झाली. दर शनिवारी वर बसून मी सॉसेज खायचो आणि खाली तो काकडी. मी ताट सरकवलं. "मला पण ती पावडर आण."

"तुला? तू तर काठीसारखा आहेस."

"आण म्हणतो ना."

"बरं बाबा. दोघं मिळून रडा."

सात दिवस. सकाळी फोन, "जिवंत", मग गोठलेल्या तळ्यावर. मार्चमध्ये बर्फ अजून हातभर जाड असतो. एन्सिओ बर्फावर घसरणारी ढकलगाडी धरून चालायचा. तिला खुर्ची असते पुढं. दम लागला की तो तिच्यावर बसायचा आणि मी ढकलायचो, मग शिव्या घालून तोच उठायचा. पहिल्या दिवशी मासे धरायला बर्फात पाडलेल्या भोकापर्यंत. चौथ्या दिवशी बेटापर्यंत.

पाचव्या दिवशी मी पेट्रोल पंपावर डिझेल भरायला गेलो, तिथं गोड पाव नुकता भट्टीतून काढलेला. वास आला आणि मी खाल्ला. एक नाही, दोन. दुसऱ्या दिवशी तळ्यावर त्याला सांगून टाकलं. माझ्याच्यानं लपवणं होत नाही.

एन्सिओ थांबला. गाडीच्या दांड्यावर कोपरं टेकली.

"वेलची होती?"

"होती."

"वरून साखर?"

"खडीसाखरेसारखी. दाताखाली फुटत होती."

"मधे लोणी?"

"होतं. वितळून खालच्या कागदाला लागलेलं."

त्यानं डोळे मिटले. "कागद चाटलास?"

"चाटला."

"शाबास," तो म्हणाला, आणि गाडी ढकलत पुढं निघाला. मी मागं उभा राहिलो जरा. वारं होतं, डोळ्यांत पाणी आलं.

गुरुवारी तुइयानं आधी त्याची पाठ बघितली, मग काटा. एकशे अठ्ठावन्न आणि वर चारशे ग्राम. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "पाणी भरपूर पाजलंय. वाटेत दोनदा गाडी थांबवली." ती पहिल्यांदा हसली.

सोमवारी, ऑपरेशनच्या दिवशी, सकाळी सातला मी लावायला फोन उचलला, तर तोच वाजला. इस्पितळातून.

"जिवंत. आता नेतायत."

"बरं," मी म्हणालो. अजून काहीतरी बोलायचं होतं, पण आम्हाला कुठं येतं. ठेवला.

राइली म्हणाली, घरात येरझाऱ्या घालू नकोस, फरशी झिजेल. मग मी सौनात गेलो. वरची फळी काढली, खिळे काढले. कोठारात अस्पनचं लाकूड होतं, दोन बोटं जाड. तेच घेतलं. अस्पन तापलं तरी ढुंगणाला चटका देत नाही. खाली तीन आडवे टेकू दिले. एवढे टेकू की बैल बसला असता. फोन खालच्या बाकावर ठेवलेला, एन्सिओच्या जागेवर. अकरा वाजले. बारा. मी फळी तासली, परत तासली. कोपरे गोल केले. एक वाजला. तासायला काही उरलंच नाही, मग मी नुसताच फोनशेजारी बसलो. इथून वरचा बाक केवढा उंच दिसतो, ते मला माहीतच नव्हतं.

अडीचला वाजला. पलीकडं बराच वेळ नुसता श्वास. मी तो मोजत होतो. मग आवाज आला, कोरडा, बारीक, भलत्याच कुणाचा असावा तसा.

"जिवंत."

"ऐकू आलं नाही," मी म्हणालो. "परत बोल."