मला पुढे करून गेलेली माणसं

मी पांगुळगाडा बोलतोय. बसा ना, उभ्याउभ्या ऐकण्याची गोष्ट नाही ही. तीन चाकं, धरायला आडवा दांडा, लाल-हिरवा रंग आणि पुढे चाक फिरलं की टकटक चोच मारणारी लाकडी चिमणी. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला धरूनच पहिली पावलं टाकली असतील आणि पुढे मला विसरूनही गेला असाल. त्याचं मला काही वाटत नाही. पोर चालायला लागलं की आपली गरज संपली, हे आमच्या धंद्यात धरूनच चालायचं असतं. माझी तक्रार निराळी आहे.

जन्म माझा सावंतवाडीचा. पण वाढलो मी अमेरिकेत, आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर, राजारामकाकांच्या दुकानात. पोळपाट-लाटणी आणि देव्हाऱ्यांच्या खोक्यांबरोबर बोटीतून आलो आणि थेट काउंटरच्या शेजारी उभा राहिलो. डाव्या बाजूला इनोच्या बाटल्या, उजवीकडे कुकरच्या शिट्ट्या. लोक यायचे, मला बघून हसायचे, "अय्या, इथे पण मिळतो?" म्हणायचे आणि पोहे घेऊन जायचे.

राजारामकाका शाळा फारशी शिकले नव्हते, पण माणूस त्यांना दारातून आत येतानाच कळायचा. एकदा एका बाईंनी मला उलटासुलटा करून विचारलं, "सेफ आहे ना? ह्याला बेल्ट नाही दिसत."

"वहिनी," काका म्हणाले, "बेल्ट बांधून चालायला शिकलेला माणूस मी अजून बघितला नाही. तुम्ही बघितलात तर मलाही दाखवा."

बाई हसल्या. घेतलं काहीच नाही, पण पुढच्या शनिवारी आणखी दोघींना घेऊन आल्या.

काकांच्या दोन गोष्टी माझ्या लाकडात मुरल्यात. एक म्हणजे, गिऱ्हाईक निघालं की हातातलं काम खाली ठेवून त्याच्या तोंडाकडे बघायचं आणि म्हणायचं, "या परत." पाठमोऱ्या माणसाला ते कधी बोलायचे नाहीत. दुसरी गोष्ट आंब्याची. शेजारच्या एका दुकानदाराला खोड होती. गिऱ्हाइकाला भारतातल्या क्रिकेटच्या गप्पांत गुंतवायचं आणि तेवढ्यात मेक्सिकन आंब्याच्या पेटीत खालच्या थराला डागी फळं सरकवायची. काका म्हणायचे, "असा माल एका माणसाला एकदाच विकता येतो." पुढे ते दुकान बंद पडलं. मला तेव्हा ते काही मनाला लागलं नाही. आता लागतं.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात माझं घर ठरलं. पिस्कॅटवेहून प्रसाद आणि वल्लरी आले होते. तो एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा, ती युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये पीएचडी करत होती. बरोबर वल्लरीची आई, नाशिकच्या शैलजाताई, नातीला सांभाळायला व्हिजिटर व्हिसावर आलेल्या. आणि स्ट्रोलरमध्ये केया, नुकताच पहिला वाढदिवस झालेली, गालाला बिस्किट लागलेलं.

"आई, डॉक्टरांनी वॉकर वापरू नका म्हणून सांगितलंय," प्रसाद म्हणाला.

"अहो, तो बसायचा वॉकर. ह्यात मूल आपल्या पायावर उभं राहतं," शैलजाताई म्हणाल्या.

त्यांचं चाललं होतं तोवर केयाने हात लांब करून माझी चिमणी पकडली आणि सोडेचना.

"झालं," राजारामकाका म्हणाले. "मालकीणबाईंनी पसंत केलं. आता तुम्ही दोघांनी कशाला भांडायचं?"

निघताना त्यांनी केयाच्या तोंडाकडे बघून हात हलवला. "या परत." नंतर माझ्या दांड्यावरूनही हात फिरवला. तोंडावर निरोप मिळाला असा मला तो एकदाच.

ते घर मला आवडलं. खोटं कशाला बोलू? वर्षाचं पोर ज्या घरात असतं तिथे एखाद्या वस्तूला कंटाळा यायची सोय नसते. केयाने व्हीसीआरमध्ये केळं घातलं. रिमोट कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि तो शोधायला सगळे सोफ्याखाली वाकले असताना स्वतःही त्यांच्याबरोबर वाकून शोधायला लागली. मऊ भात भिंतीला, नाश्त्याच्या चिअरिओजचे गोल दाणे माझ्या चाकांत. प्रसाद ऑफिसच्या शर्टावर वरणाचा डाग घेऊन जायचा आणि संध्याकाळी परत आल्यावर म्हणायचा, "दिवसभर कुणी सांगितलंसुद्धा नाही, यार!"

माझी हद्द मात्र ठरलेली होती. दिवाणखान्यात जाड कार्पेट, तिथे माझी चाकं रुतायची. म्हणून मी किचनच्या गुळगुळीत जमिनीवर आणि पुढच्या चिंचोळ्या पॅसेजमध्ये. केया माझा दांडा धरून फ्रिजपासून सिंकपर्यंत जायची, धडकायची, मला वळवायला कुणाला तरी हाक मारायची आणि परत निघायची. चिमणी टकटक करायची, मागून शैलजाताई टाळ्या वाजवायच्या. वर्षाच्या पोराचा जोर तो केवढा! पण तळहात दांड्यावर असे आवळायची, जसं काही जग तिथेच बांधलेलं आहे. माझ्यासारख्या लाकडाला याहून काय हवं?

आता ऐका. घराचं पुढचं दार दिवाणखान्यात होतं आणि किचनमधून ते दिसायचं नाही. ही गोष्ट सगळ्यांत आधी वल्लरीच्या लक्षात आली. तिची बस सकाळची. केया तिच्या पायाला मिठी मारून रडायची, मग बस चुकायची. एक दिवस तिने मला बाहेर ओढलं, केयाचे हात माझ्या दांड्यावर ठेवले. "बघ बघ, चिऊ काय करते? चल, चिऊला पाणी देऊन ये!" केया सिंकपर्यंत पोचायच्या आत वल्लरी बुटांची जोडी हातात घेऊन, पाय न वाजवता, दाराबाहेर.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? आपल्याकडे असंच करतात. पोराला गुंतवायचं आणि सटकायचं. रडारड नाही, उशीर नाही. वल्लरीने ते प्रसादला शिकवलं. तोही बॅग दाराबाहेर आधी ठेवून यायचा आणि मग मला पुढे करायचा.

रडणं व्हायचंच हो. ते गेल्यावर व्हायचं, एवढाच फरक. केया वळून बघायची तर पाठीमागे कुणी नाही. मग मला सोडून ती रांगत दाराशी जायची, मोजे घातलेल्या पायांनी दारावर लाथा मारायची. हे मी ऐकायचो. ते तोवर बसमध्ये असायचे.

शैलजाताईंना हे मुळीच पसंत नव्हतं. "तोंडावर सांगून जा गं. पाच मिनिटं रडेल आणि थांबेल. असं चोरासारखं काय?"

"आई, तुला काय, तुला बस पकडायची नाहीये," वल्लरी म्हणायची. "ती रडताना मी निघाले ना, तर लॅबमध्ये दिवसभर मला काही सुचत नाही."

"म्हणजे तिच्यासाठी नाही, तुझ्यासाठी चाललंय हे."

"हो, माझ्यासाठी. बास?"

त्या घरात फसवून न जाणारं माणूस म्हणजे फक्त शैलजाताई. खाली लाँड्रीला जायचं तरी त्या केयासमोर उकिडव्या बसायच्या, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरायच्या. "आजी कपडे धुवायला जाते आणि परत येते. येते हं." केया ओठ काढायची. त्या थांबायच्या, हात हलवायच्या आणि मगच जायच्या. आणि खरंच परत यायच्या. हळूहळू केया त्यांच्यासाठी रडेनाशी झाली. ती पॅसेजमध्ये मला धरून उभी राहायची आणि दाराकडे बघत वाट बघायची. मला राजारामकाका आठवायचे. हा खरा माल, असं वाटायचं मला.

व्हिसाची मुदत संपत आली. बॅगा भरायला घेतल्या तशी केया बॅगेत बसायला लागली. शैलजाताई तिला बॅगेतून काढून मांडीवर घ्यायच्या आणि म्हणायच्या, "तुला सांगितल्याशिवाय आजी कुठे जाईल का गं? सांगूनच जाईन, माझी राणी." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. लाकडाला कान नसतात म्हणतात, पण ज्यांना म्हणायचं त्यांनी म्हणावं.

जायचा दिवस आला. डिसेंबर, बाहेर बर्फ. प्रसाद गाडीवरचा बर्फ खरवडत होता. वल्लरी बॅगा दाराबाहेर नेत होती. शैलजाताई स्वेटरवर कोट चढवून तयार झाल्या, केयाजवळ आल्या आणि तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. तिचा चेहरा हातांत धरला. मी म्हटलं, आता. आता सांगतील.

केया त्यांच्या कोटाच्या बटणाशी खेळत होती.

मग त्या उठल्या. किचनमध्ये आल्या. आणि त्यांनी मला ओढलं.

"ही बघ चिऊ," त्या म्हणाल्या. आवाज भलताच आनंदी काढला होता. "चिऊला पाणी देतेस? जा, जा, सिंकपर्यंत जाऊन ये!"

केयाला जराही शंका आली नाही. का यावी? आजी होती ती. खुशीत ढकलत निघाली. मी मुद्दाम अडलो असतो, चाक मोडून घेतलं असतं, पण मला कुठलं तेवढं स्वातंत्र्य? चिमणी टकटक करत राहिली आणि त्या टकटकीत दाराचा आवाज बुडून गेला. बाहेरून वल्लरीचं एवढंच कानावर आलं, "आई! तू? तू पण?" आणि शैलजाताईंचं, "मला नाही जमलं गं. चल लवकर, मागे बघू नकोस."

प्रसाद केयाजवळ थांबण्यासाठी आत आला. विमानतळावर वल्लरी जाणार होती.

केया सिंकपाशी पोचली, वळली. आजी नाही. ती रडली नाही, हे मला फार लागलं. आजी येतेच, हे तिला माहीत होतं ना! एव्हाना मला स्वतःच वळवायला शिकली होती, तशी वळवून ती मला धरून पॅसेजमध्ये आली आणि नेहमीसारखी वाट बघत उभी राहिली. बराच वेळ. मग तिने मला दाराच्या दिशेने ढकललं. पॅसेज संपतो आणि कार्पेट लागतं तिथे पत्र्याची पट्टी होती. माझं पुढचं चाक तिथे अडकलं. तिने जोर लावला, पुन्हा लावला. मी हललो नाही.

तेव्हा तिने माझा दांडा सोडला.

आणि चालली. हात पसरून, डुलत, एकेक पाऊल त्या जाड कार्पेटमध्ये रोवत, सरळ दारापर्यंत. दाराशी आजीच्या घरात घालायच्या सपाता राहिल्या होत्या. त्यांच्यावर जाऊन बसली.

"ओ माय गॉड! केया! चालली! केया चालली!" प्रसाद ओरडला. कॅमकॉर्डर शोधायला धावला, परत येऊन म्हणाला, "पुन्हा कर, बच्चा, पुन्हा कर!" ती उठेना. त्याने टाळ्या वाजवल्या. ती दाराकडेच बघत बसली.

आजी नाशिकला पोचल्यावर फोन झाला, स्पीकरवर. प्रसादने उत्साहाने सांगितलं, "आई, तुम्ही निघालात आणि पाचव्या मिनिटाला चालली बघा! गाडा सोडून!"

पलीकडे थोडी खरखर. मग शैलजाताईंनी विचारलं, "कुठे चालली होती?"

"दाराकडे."

पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि कॉलिंग कार्डातले पैसे संपले असं समजून प्रसादनेही ठेवून दिला.

त्या दिवसापासून केयाने मला हात लावला नाही. मला नुसतं बाहेर काढलं की ती आधी घरातली माणसं बघायची, कोण निघालंय ते. मग धावत जाऊन आईच्या ओढणीला लोंबकळायची. तिने हिशोब मांडला होता आणि तो चुकीचा नव्हता. चिऊ आली की कुणीतरी जातं. वल्लरीने एकदा मला पुढे केलं, केया किंचाळली आणि दुसऱ्या दिवशी मी कोटांच्या कपाटात गेलो.

माझा गुन्हा काय होता, सांगा. मी चालायला शिकवणारा. मला आमिष केलं त्यांनी. फसवलं त्यांनी आणि पोरीच्या मनातून उतरलो मी.

दीड वर्षाने शैलजाताई पुन्हा आल्या. केया आता धावत होती, इंग्लिशमध्ये बोलत होती. आजीजवळ जाईना. म्हणून त्यांनी मोठ्या मायेने मला कपाटातून काढलं, धूळ पुसली. "बघ, ओळखलंस का? तुझी चिऊ!"

केयाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आजीकडे. मग चुपचाप दाराशी गेली, आजीचे बूट उचलले आणि ते घेऊन सोफ्यामागे जाऊन बसली.

"नो गोइंग," ती तिथून म्हणाली.

शैलजाताई माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. त्यांनी माझा दांडा धरला होता, केया धरायची तसाच आवळून. नंतर त्यांनीच मला कपाटात परत ठेवलं. त्या वेळी जाताना त्या सांगून गेल्या. मी दाराआडून ऐकलं. दोघीही खूप रडल्या. कुणी मेलं नाही, कुणाची बस चुकली नाही.

दोन हजार आठच्या वसंतात प्रसादला ओहायोत, डब्लिनला नोकरी लागली. खोकी भरली, ट्रक आला. मला वाटलं, मला राजारामकाकांकडे तरी सोडतील, ओक ट्री रोड काही लांब नव्हता. मला कचऱ्याच्या मोठ्या डब्याशेजारी उभं केलं आणि ट्रक गेला. केयाला निदान गुंतवायचे तरी. माझ्यासाठी कुणी तेवढाही त्रास घेतला नाही.

मला उचलून नेलं अवधूतने. त्याच कॉम्प्लेक्समधला विद्यार्थी, सोलापूरचा. बायकोला म्हणाला, "गिरिजा, बघ काय मिळालं! टॉवेल वाळत घालायला मस्त आहे." तेव्हापासून मी टॉवेल वाळवतो. बरं चाललंय. टॉवेल कधी वळून बघत नाही.

पण परवा गिरिजाने टॉवेल काढले, मला कोमट पाण्याने पुसलं आणि चाकात तेल सोडलं. तिला आता पाचवा महिना आहे. चिमणीची चोच हलते का, हे ती पुन्हापुन्हा बघत होती आणि स्वतःशीच हसत होती.

गिरिजाबाई, तुमचं बाळ येऊ दे. त्याचे हात माझ्या दांड्यावर ठेवा. मी त्याला चालवीन, चांगला चालवीन, माझं लाकूड अजून पक्कं आहे. फक्त एवढं करा. ज्या दिवशी तुम्हाला कुठे जायचं असेल, त्या दिवशी मला बाहेर काढू नका. त्याच्यासमोर बसा, त्याचा चेहरा हातांत धरा आणि त्याला रडू द्या. मी कपाटात थांबेन.