तुरटीचं माणिक

सांगलीच्या श्रेणिक चौगुल्याची एवढीच इच्छा होती, की आपण केलेलं माणिक आपण केलंय हे कोणीतरी मान्य करावं. खपाची तक्रार नव्हती. चव्वेचाळीस साल, ब्रह्मदेशात लढाई पेटलेली, तिकडचा माल साफ बंद. त्यामुळे आप्पासो सराफांच्या पेढीवर ब्रह्मदेशी माणकांची आवक एकदम वाढली होती. ही सगळी आवक श्रेणिकच्या परसातून व्हायची.

परसात पत्र्याच्या खोपटात त्याची भट्टी होती. तुरटी भाजून केलेली पांढरी भुकटी, तिच्यात लाल रंगासाठी चिमूटभर क्रोम. एक छोटी हातोडी वरच्या चाळणीवर टिकटिक करत राही, भुकटी कणाकणानं वायूच्या ज्योतीतून खाली येई, वितळे आणि खालच्या खुंटीवर साठत साठत लाल कांडी होई. कांडीला साडेचार तास लागत. नंतर ज्योत हळूहळू उतरवायची. एकदम विझवली की कांडीच्या चिरफळ्या. हे शिकायला श्रेणिकला सहा वर्षं लागली. पुस्तक जर्मन होतं आणि त्याला जर्मन येत नव्हतं, पण आकृत्या चांगल्या होत्या.

"तुझं नाव घेतलं की माणूस खडा खाली ठेवतो रे," आप्पासो म्हणत. "सगळं ऐकून 'भट्टीचाच द्या' म्हणणारं एक गिऱ्हाईक दाखव. त्या दिवशी कपाटात तुझ्या नावाची चिठ्ठी लावतो. शब्द दिला."

फाल्गुनात कडेगावहून सर्व्हिस मोटारीनं साळूबाई पेढीवर आल्या. त्यांचा मानसिंग पलटणीत, ब्रह्मदेशच्या आघाडीवर. तीन महिने पत्र नव्हतं. खडा घेण्याआधी तीन दिवस दंडाला बांधून गुण बघायचा, ही रीत. साळूबाई माणिक बांधून गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी मानसिंगचं पत्र आलं. चौथ्या दिवशी त्या पेढीवर हजर. श्रेणिक तिथंच बसला होता.

"मावशी, हा खडा मी केलाय."

"काय केलंस?"

"खडा. इथंच, सांगलीत. तुरटीचा."

साळूबाईंनी आप्पासोंकडं पाहिलं. आप्पासो तराजू पुसू लागले.

"लेकरा, तुरटीनं कवा पत्र येतंय व्हय?"

"चला घरी. डोळ्यांदेखत करून दाखवतो."

वायूची नळकांडी मिरजेहून बैलगाडीनं यायची. त्या दिवशी बैलानं वाटेत विश्रांती घेतली. ज्योत पेटायला सव्वादोन वाजले. साळूबाई पाटावर बसून राहिल्या. चारच्या सुमारास खुंटीवर लाल बोंड दिसू लागलं.

"आवं, व्हय की! लालच व्हतंय!" त्या श्रेणिकच्या आईला, पद्मावतीबाईंना, म्हणाल्या. "लय गुणाचं पोरगं हाय तुमचं."

सहा वर्षांत श्रेणिकला असं कोणी म्हटलं नव्हतं.

सव्वासहाला कांडी करंगळीएवढी झाली. साडेसहाला पद्मावतीबाई पुन्हा दारात आल्या. दिवस बुडाल्यावर या जैनाच्या घरात चूलसुद्धा पेटत नसे. ज्योतीवर जीव येऊन पडतात.

"श्रेणिक, दिवस बुडाला."

"अव्वा, अर्धा तास फक्त."

"पाखरं येतील. विझव."

"आज नको गं! आज या बघतायत!"

"पाखरांना काय ठाऊक, कोण बघतंय ते?"

श्रेणिकनं दाराला पोतं लावलं, फटीत चिंध्या कोंबल्या. तरी एक पतंग आत आला आणि साळूबाईंच्या पदरावर बसला. पद्मावतीबाईंनी तो अलगद झटकला, पुढं झाल्या आणि वायूची चावी स्वतःच्या हातानं बंद केली.

खोपटात टक् असा आवाज झाला.

साळूबाईंनी कांडीचे दोन तुकडे निवल्यावर तळहातावर घेतले. "वाईट वाटून घिऊ नगंस बाबा. मन लावून केलंस. पर तुजं फुटलं, आन् माजं बघ, कसं शाबूत हाय."

"तेही मीच केलंय! ते सकाळी सातला पेटवलं होतं म्हणून!"

"आरं, माजा मानसिंग ब्रह्मदेशात हाय. त्या मुलखातला खडा माज्या दंडाला लागला आन् त्याचं पत्र आलं. त्यात तू कशाला आडवा येतूस?"

यावर काय बोलावं, हे जर्मन पुस्तकातही नसावं. श्रेणिक चाळणीतली उरलेली भुकटी डब्यात भरू लागला. साळूबाईंना ते बघवेना.

"बरं, ह्यातला एक तुकडा मला दे," त्या म्हणाल्या. "तूच केलेला. नातीच्या भावलीला व्हईल."

आप्पासो शब्दाचे पक्के. गिऱ्हाइकानं सगळं ऐकून भट्टीचा माल मागितला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेला तुकडा काचेच्या कपाटात ठेवला आणि पुढं सुंदर अक्षरात चिठ्ठी लावली: 'श्रेणिक कल्लाप्पा चौगुले, सांगली, यांनी स्वतः तयार केलेले माणिक.' शेजारी मखमलीवर अकरा अखंड माणकं होती. त्यांच्यापुढं 'ब्रह्मदेश' एवढंच लिहिलेलं.

श्रेणिकनं काचेला नाक लावून दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या.

"चिठ्ठी सरळ लागलीय ना रे?" आप्पासोंनी आतून विचारलं.