तीन टिंबं

लहानूनं बॉनेटखाली अर्धं अंग घातलं आणि इंजिनाच्या पुढच्या झाकणावरचं ग्रीस अंगठ्यानं पुसलं. खालून तीन टिंबं निघाली, दोन खाली, एक वर. पंचाच्या पोलादी टोकावर हातोडी मारून उमटवलेली, त्याच्याच हातची.

"दिसली ना, काका?" मागून नरेश म्हणाला. "तुमचीच खूण हाय. आता तरी निघू द्या."

ट्रक नरेशचा होता आणि तो खुर्सीपारच्या विहारासमोर उभा होता. हौद्यात चाळीस माणसं बसली होती. पांढरे कपडे, दांडीला बांधलेले निळे झेंडे, कापडात गुंडाळलेले पोळीभाजीचे डबे. उद्या दसरा. आज संध्याकाळपर्यंत नागपूर गाठायचं आणि उद्या दीक्षाभूमीवर डोकं टेकायचं, हा वस्तीचा दरवर्षीचा शिरस्ता. निघण्याआधी कोणी न बोलावता इंजिन तपासायचं, हा लहानूचा शिरस्ता. त्याला गॅरेज सोडून चार वर्षं झाली होती, पण खोड सुटली नव्हती.

"पाह्य जी, पाह्य एकदाचं," वरून त्याची बायको भागीरथा ओरडली. तिच्या मांडीवर सहा वर्षांची नात, संघमित्रा, बसली होती. "बायको पाहायले एवढा वेळ नव्हता घेतला यानं."

बायका हसल्या. लहानू हसला नाही. त्याचा अंगठा अजून झाकणावरच होता.

त्या जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनांत एक खोट होती आणि ती या रस्त्यावरच्या सगळ्या मिस्त्रींना ठाऊक होती. पुढच्या झाकणाआड, दातेरी चक्रांच्या वर, बोटाच्या पेराएवढी एक पोलादी पिन असते. इंजिन जुळवताना दोन भाग एका रेषेत धरायचे, एवढंच तिचं काम. पुढे ती नुसती भोकात बसून राहते. पण इंजिन थरथरतं आणि पिन वर्षाला केसभर बाहेर सरकते. दहा वर्षं, पंधरा वर्षं. मग एक दिवस ती चक्रांत पडते, दाते उडतात आणि धावतं इंजिन जागच्या जागी गच्च होतं. त्याआधी ना आवाज, ना धूर. लहानू तिला मुकी म्हणायचा.

उपाय दोन बोटांचा होता. पिन ठोकून आत बसवायची आणि जाड पत्र्याची नखाएवढी पट्टी शेजारच्या बोल्टखाली अडकवून भोकाचं तोंड बंद करायचं. पण तिथवर पोचायला रेडिएटर, पंखा, पुली, झाकण, सगळं उतरवावं लागे. चार तासांचं काम. जी गाडी बिघडलेलीच नाही तिच्यासाठी चार तास कोण देतो?

लहानूचा धाकटा भाऊ धनंजयही द्यायला तयार नव्हता. राजहऱ्याच्या खाणीतून खनिज भरून येताना चढावर त्याचं इंजिन गच्च झालं. गाडी मागे सरकू लागली, तसा धनंजय चाकाखाली लाकडी ठोकळा लावायला उडी मारून उतरला. ठोकळा लागला, पण चाक त्यावरून गेलं आणि धनंजयवरूनही. तेव्हापासून लहानू हात जोडून, भांडून, प्रसंगी चावी खिशात घालून गाड्या उघडायला लावायचा. काम झालं की झाकणावर तीन टिंबं ठोकायचा. बुद्ध, धम्म, संघ. वस्तीत त्याची टिंगल व्हायची, पण जुनी गाडी घेताना प्रत्येक जण आधी टिंबं शोधायचा. याचा लहानूला अभिमान होता आणि तो लपवणं त्याला कधी जमलं नाही.

त्याचा अंगठा टिंबांवरून खाली सरकला. डाव्या कोपऱ्यात एक खरखरीत उंचवटा लागला. त्यानं बॅटरीचा उजेड मारला. ओतीव लोखंडाच्या काळ्या बिडात पितळेची पिवळी रेघ चमकली.

तो सावकाश बाहेर आला.

"नरेश, हे झाकण कुठलं?"

"कुठलं म्हंजे? इंजिनाचं."

"हे देवरावच्या डंपरचं हाय. ही चीर मीच पितळ ओतून जोडली होती. तो डंपर मागच्या साली भंगारात गेला."

नरेश चपलेच्या अंगठ्याकडे पाहू लागला. "माह्यं फुटलं होतं जी. कुम्हारीच्या भंगारवाल्याकडून हे आणलं. तुमची खूण पाहूनच आणलं ना. म्हटलं, काकाचं काम हाय, आता चिंता नाही."

"काम आत राह्यते, बापा. झाकणावर नाही राह्यत."

हौद्यातून सिंधुताई खाली वाकल्या. महिला मंडळ त्यांच्या शब्दावर चालायचं. "लहानूभाऊ, सात वाजून गेले. मरोद्याची गाडी हायवेवर आपली वाट पाहून राहिली. काय झालं?"

"उतरा सगळे. चार तास लागतील."

मग जे व्हायचं ते झालं. कोणी कपाळावर हात मारला. कोणी म्हणालं, दुधानं तोंड पोळलं म्हणून हा माणूस जन्मभर ताक फुंकतो आहे, आणि आपल्यालाही फुंकायला लावतो आहे. सिंधुताई म्हणाल्या, "कावून असं करता, भाऊ? आजच्या दिवशी?" भागीरथानं नातीला खाली दिलं, लुगडं सावरलं आणि सगळ्यांत आधी ती उतरली. ती उतरली म्हणून बाकीच्याही उतरल्या.

नरेशनं पाणी काढलं. दोघांनी मिळून रेडिएटर उतरवला, मग पंखा, मग पुली. ऊन चढलं. विहाराच्या पायरीवर बसून बायकांनी दुपारचे डबे सकाळीच उघडले. दहाच्या सुमारास शेवटचा बोल्ट निघाला आणि झाकण नरेशच्या हातात आलं.

आत पट्टी नव्हती. पिन भोकाच्या बाहेर आली होती आणि तेलानं ओली चमकत होती. तिची जेमतेम एक कड बिडात होती. खाली, चार बोटांवर, चक्रांचे दाते होते.

लहानूनं नरेशचं मनगट धरलं आणि त्याचं बोट पिनेला लावलं. पिन हलली. लहान मुलाचा पडायला आलेला दात हलावा तशी.

नरेशनं बोट झटकन मागं घेतलं. त्यानं विहाराच्या पायरीकडे पाहिलं. तिथं बसलेली त्याची आईही याच गाडीनं निघाली होती.

लहानूनं पिन आत ठोकली, पट्टी लावली, बोल्ट आवळला. मग पंच घेतला आणि झाकणाआडच्या बिडावर, जिथं पुन्हा कोणाची नजर जाणार नव्हती तिथं, तीन टिंबं ठोकली. त्यानंतर कानस घेऊन तो झाकणावरची जुनी टिंबं घासू लागला.

"आता कावून घासता, काका?" नरेश म्हणाला. "आता तं खरी झाली ना ती."

कानस थांबली नाही. ही टिंबं आत ठोकणं त्याला पहिल्या दिवसापासून जमलं असतं. पण आतली कोणाला दिसली नसती. लोकांनी बॉनेट उघडावं आणि म्हणावं, हा लहानूचा हात, एवढ्यासाठी त्यानं ती बाहेर ठोकली होती. पस्तीस वर्षं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"भंगारवाल्याकडं अशी किती झाकणं होती?" त्यानं विचारलं.

"टिंबंवाली? पाच-सहा असतील. लवकर खपते म्हणे." नरेश बोलता बोलता थांबला. "भूषणनंही तिथूनच नेलं. त्यानंच तं मले पत्ता देल्ला."

भूषण मरोद्याचा. हायवेवर थांबलेली गाडी त्याचीच.

लहानूनं फोन लावला. रिंग वाजत राहिली. "झाकण चढव," तो नरेशला म्हणाला. "लवकर."

साडेबाराला ते हायवेवर पोचले. भूषणचा ट्रक पुलाच्या सावलीत उभा होता. हौद्यात पन्नासेक माणसं, उकाड्यानं आणि वाट पाहून वैतागलेली. लहानू नरेशच्या केबिनमधून उतरला आणि धाप टाकत भूषणकडे गेला. भूषण तिशीचा, हसतमुख पोरगा. त्यानं वाकून पाया पडण्यासारखं केलं.

"फोन गाडीत राह्यला होता, काका. झालं का त्याचं?"

"झालं. आता तुह्यी गाडी उघडू दे."

भूषण हसला. त्यानं स्वतःच बॉनेट वर केलं आणि आत बोट दाखवलं. झाकण लख्ख पुसलेलं होतं. तीन टिंबं लांबूनही दिसत होती.

"हे पाहा. तुमचीच ना?"

"माहीच हाय."

"मंग?"

लहानूनं सगळं सांगितलं. झाकण, भंगार, नरेशची पिन. नरेशनं मान हलवून साक्ष दिली. भूषणनं ऐकून घेतलं, पण त्याचे डोळे पुन्हा पुन्हा टिंबांकडे जात होते.

"नरेशची निघाली असंल. सगळ्यायची थोडीच निघते. येतो ना परत परवा, तवा उघडा. आता चार तास थांबलो तं रात्र होते. म्हातारे लोकं हायेत मागं."

"तेच तं म्हणून राहिलो."

हौद्यातून एका म्हाताऱ्यानं विचारलं, काय झालं. भूषण मोठ्यानं म्हणाला, "काही नाही, बाबा. लहानूकाकाची खूण हाय, पण काकालेच भरोसा नाही." सगळे हसले. एक बाई कडेवरचं मूल सावरत म्हणाली, "आम्ही तुमच्याच खुणेवर बसलो, काका. तुमीच असं म्हटलं तं आम्ही कोणावर बसावं?"

पूर्वी अशा वेळी लहानू चावी खिशात घालायचा. त्यानं चावीसाठी केबिनमध्ये हात घातला, पण भूषणनं त्याच्या हातावर अलगद हात ठेवला. जोर नव्हता त्यात, मानच होता. त्या हाताशी भांडता येत नव्हतं.

लहानू नरेशच्या गाडीकडे परतला. सीटखालून त्यानं लाकडी ठोकळा ओढून काढला आणि काखेत मारला. भागीरथा वरून बघत होती. ठोकळा पाहिला आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. धनंजयला तिनंच नऊवारीच्या पदरानं झाकलं होतं.

"तुमी कुठं चालले?"

"भूषणच्या गाडीत बसतो. तू पोरीले धरून बस." मग तो नरेशला म्हणाला, "तू आमच्या मागं नको राहू. पुढं जाजो. चढावावर तं बिलकुल मागं नको."

नरेशनं मान हलवली.

लहानू भूषणच्या केबिनमध्ये चढला, दाराशेजारी बसला. दार त्यानं पुरतं लावलं नाही, हातानं धरून ठेवलं. ठोकळा मांडीवर.

"आता हा कशाले, काका?" भूषण म्हणाला. "ब्रेक चांगले हायेत माह्ये."

"राहू दे."

पुढे नरेशचा ट्रक निघाला. त्याच्या हौद्यातून संघमित्रा हात हलवत होती. लहानूनंही हलवला. भूषणनं चावी फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं आणि एकसारखं, गोड चालू लागलं.