तांब्याची पट्टी आणि पाच वाजताचं भूत

इमारतीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. पाण्याच्या टाकीची बैठक बोलावली की जेमतेम सात जण येतात आणि त्यातले तीन दुसऱ्याच कामासाठी आलेले असतात. आज साठ आले होते. खुर्च्या संपल्यावर लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसले, उरलेले भिंतीला टेकून उभे राहिले. प्रश्न पाण्याचा नव्हता, इंटरनेटचा होता.

समोर टेबलावर एक साधा राउटर होता, मागे मोठा पडदा, आणि मध्ये निळ्या कोटातला एक गुळगुळीत माणूस. त्याच्या कार्डावर लिहिलं होतं, ‘गृहतरंग सल्लागार’.

“नवा राउटर कशाला घेताय?” त्याने हात पसरले. “तुमचा राउटर बिघडलेला नाही, तो बेचैन आहे! घरातल्या लहरी एकमेकींवर आपटतात, गोंधळतात, भिंतींत शिरून बसतात. त्यांना हवं असतं संतुलन! आधी आपापल्या फोनवर इथलं मोफत इंटरनेट जोडा, आणि आमचा माहितीपट लावा. सगळ्यांनी लावा. लावलात?”

साठ फोनांवर एकच माहितीपट अडखळत सुरू झाला. सल्लागाराने स्वतःच्या लॅपटॉपवर वेग मोजला. पडद्यावर आकडा आला: अकरा.

“हे तुमचं आजचं जीवन!” सभागृह हळहळलं.

मग त्याने मखमली पिशवीतून तळहाताएवढी तांब्याची पट्टी काढली. तिच्यावर गुंडाळीसारखी एक आकृती कोरलेली होती. ती त्याने राउटरच्या पोटाला चिकटवली. “आता दोन मिनिटं पूर्ण शांतता. पट्टी बसताना तिला बाहेरच्या लहरींचा त्रास नको. सगळे फोन विमान मोडवर टाका. डोळे मिटले तरी चालतील.”

साठ फोन गप्प झाले. सल्लागाराने पुन्हा वेग मोजला. आकडा चढू लागला. तीस, साठ, शहाण्णव.

सभागृहाने तोंडात बोटं घातली. मग टाळ्या पडल्या. आणि सगळ्यात आधी टाळी वाजवली ती तिसऱ्या रांगेतल्या, जाड चष्म्याच्या, सडपातळ म्हाताऱ्याने. ही गोष्ट त्याचीच आहे, आणि ती सांगताना त्याच्याबद्दल काहीही लपवायचं नाही, असं ठरलेलं आहे.

हे आजोबा निवृत्त मुद्रितशोधक. चाळीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात पुस्तकांची मुद्रितं तपासली, आणि त्यात भोंदूगिरीचं पितळ उघडं पाडणारी पुस्तकं कितीतरी. हवेतून अंगठी कशी काढतात, निखाऱ्यांवरून कसं चालतात, सगळं त्यांनी स्वल्पविरामासकट वाचलं होतं. एका लेखकाने प्रस्तावनेत त्यांचे आभारही मानले होते. असा माणूस एका तांब्याच्या पट्टीला टाळ्या वाजवत होता. चुका शोधण्यात जन्म गेला, पण त्या दुसऱ्यांच्या.

त्यांच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की त्यांची निकड खरी होती. त्यांची नात एका ऑनलाइन खेळाच्या संघात निवडली गेली होती. पाच जणांचा संघ, पाच घरांत बसून खेळणारा. रोज पाच ते सात सराव. पण महिनाभर तिचा खेळ ऐन रंगात आला की अडखळायचा, पडद्यावरची तिची योद्धी एका पायावर गोठून उभी राहायची आणि कुणीतरी येऊन तिला आरामात मारून जायचं. संघाच्या कर्णधार मुलीने बजावलं होतं, पुढच्या रविवारच्या सामन्यापर्यंत हे थांबलं नाही, तर तिच्या जागी राखीव खेळाडू.

“मी बघतो राउटरचं,” असं आजोबा भर जेवणात म्हणून बसले होते. घरात त्यांच्यावर कुणी जबाबदारी टाकत नसे, म्हणून त्यांनीच ओढवून घेतली. मग एक वही झाली. तिच्यात दोन अँटेनांचे राउटर, सहा अँटेनांचे राउटर, उलटं टाकलेल्या कोळ्यासारखे आठ अँटेनांचे राउटर, प्रत्येकाचे गुणदोष दोन रकान्यांत. रोज संध्याकाळी एक पसंत पडायचा आणि सकाळी त्याच्याबद्दल शंका यायची. दुकानात जाऊन विचारायचं तर दुकानदार पहिल्याच वाक्याला आपलं अज्ञान ओळखेल, ही भीती. त्यामुळे नवा राउटर घ्यायलाच नको असं सांगणारा माणूस त्यांना देवासारखा भेटला.

पट्टी घरी आली. सोबत एक पत्रक होतं. राउटर उंच, मोकळ्या जागी ठेवावा. रोज एकदा बंद करून चालू करावा. पहिले तीन दिवस पट्टीला बसू द्यावे, तोवर घरात मोठी फाईल चढवू-उतरवू नये. आजोबांनी राउटर पुस्तकांच्या कपाटातून, जाडजूड शब्दकोशांच्या मागून, बाहेर काढला. तो तिथे त्यांनीच लपवला होता, कारण लुकलुकणारे दिवे कपाटाची शोभा घालवत.

आणि काय सांगावं! सोमवारी खेळ अडखळला नाही. मंगळवारी नाही. बुधवारीही नाही. आजोबा पाचच्या ठोक्याला राउटरसमोर खुर्ची टाकून बसत आणि सात वाजेपर्यंत हलत नसत.

“बाबा, फिरायला नाही गेलात?” सूनबाईंनी विचारलं.

“पट्टी बसतेय.”

“ती बसतेय ते ठीक. तुम्ही का बसलायत?”

आजोबांनी खुर्ची राउटरच्या आणखी जवळ ओढली. गुरुवारी तीन दिवस भरले, आजोबा समाधानाने फिरायला गेले. परत आले तर नात दार लावून बसली होती. खेळ तीनदा गोठला होता, चौथ्यांदा जोडणीच तुटली होती. कर्णधाराचा निरोप आला होता: ‘रविवारी एकदा जरी असं झालं, तर तो तुझा शेवटचा सामना.’

शुक्रवारी सकाळी आजोबा सल्लागाराच्या गाळ्यात जाऊन उभे राहिले. सल्लागाराने त्यांचं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि हळूच विचारलं, “काका, खरं सांगा. पट्टी लावताना मनात शंका होती?”

दुसरा कुणी असता तर चिडला असता. आजोबांना स्वतःवर शंका घ्यायला कुणाची मदत लागत नसे. “होती,” ते खाली मान घालून म्हणाले. “थोडी.”

“तेच! माणसाच्या अंगातही वीज असते, काका. शंकेने लहर वाकडी होते. आता जोडपट्टी लागेल, पहिलीच्या शेजारी लावायची दुसरी.”

आजोबा जोडपट्टी घेऊन घरी आले. मनात शंका आणायची नाही, असं पुटपुटत चालताना ते आपल्याच इमारतीच्या दारावरून पुढे निघून गेले आणि चौकातून परत फिरले.

नात स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही घेऊन बसली होती. जोडपट्टी पाहून तिने कपाळाला हात लावला. “आजोबा, बसा. एक सांगते, रागावू नका. बुधवारी राउटरला पट्टी नव्हती.”

“म्हणजे?”

“मंगळवारी सराव संपल्यावर मी काढली आणि चपलांच्या कपाटात ठेवली. गुरुवारी सकाळी परत लावली. पट्टी नव्हती तेव्हा खेळ झकास चालला. पट्टी होती तेव्हा तुटला.”

आजोबांना बुधवारची संध्याकाळ आठवली. दोन तास ते ज्याच्यासमोर बसले होते, त्याच्या पोटाला काहीच नव्हतं. ज्या पट्टीचं तेज त्यांना खुर्चीपर्यंत जाणवत होतं, ती सूनबाईंच्या सँडलखाली होती.

“आता हे बघा.” नातीने वही पुढे सरकवली. “कुठल्या दिवशी किती वाजता अडलं ते मी महिनाभर लिहितेय. सगळं पाचनंतर. रविवारी कधीच नाही. तुम्ही पाच वाजता नक्की काय करता?”

“मी? मी तर घरातही नसतो. फिरायला जातो.”

“जाण्याआधी?”

आजोबांचा चष्मा घसरला. निवृत्तीनंतरचा त्यांचा एकच उद्योग होता. आता कुठेच न मिळणारी जुनी पुस्तकं पान-पान स्कॅन करायची आणि एका मोफत ऑनलाइन ग्रंथालयात चढवायची. दुपारभर स्कॅनिंग. पाच वाजता फाईल चढवायचं बटण दाबायचं आणि संगणकाला त्याचं काम करू देऊन आपण फिरायला निघायचं. रविवारी सुट्टी. आणि हे तीन दिवस पत्रकाच्या आज्ञेवरून पूर्ण बंद.

“अगं, पण मी काही बघत नाही, खेळत नाही,” ते क्षीणपणे म्हणाले. “मी फक्त पाठवतो.”

“तेच तर! आपल्या जोडणीत बाहेर जायची वाट अरुंद आहे. तुमचं चारशे पानांचं पुस्तक तिच्यात घुसतं आणि दोन तास रांग लावतं. माझी बंदुकीची गोळी त्या रांगेत मागे उभी! चला, करूनच बघू.”

तिने पडद्यावर तो आकडा लावला, जो सांगतो की आपण केलेली हालचाल खेळापर्यंत पोचायला किती वेळ लागतो. अठ्ठावीस. “दाबा बटण.” आजोबांनी एका जुन्या व्याकरणाच्या पुस्तकाची फाईल चढवायला घेतली. आकडा नव्वदवर गेला, मग तीनशे, मग सहाशे चाळीस. “थांबवा.” अठ्ठावीस. पट्टी काढली, पुन्हा केलं, तेच आकडे. जोडपट्टीसकट केलं, तेच आकडे. सहाव्यांदा करून पाहिल्यावर सूनबाई म्हणाल्या, “बाबा, पटलं ना? की व्याकरणाला अजून फेऱ्या मारायला लावायच्या?”

“पटलं,” आजोबा म्हणाले. “घरातलं भूत मीच. आणि भूत उतरवायला पट्टीही मीच आणली.” मग ते हसू लागले, आणि नातीलाही हसू आवरेना.

शनिवारी दोघं दुकानात गेले. दुकानदाराने पहिल्याच वाक्याला आजोबांचं अज्ञान ओळखलं आणि काहीही बिघडलं नाही. आठ अँटेनांच्या कोळ्याकडे नातीने पाहिलंही नाही. तिला हवी होती एकच सोय: घरातल्या एकाने सगळी वाट अडवू नये म्हणून प्रत्येकाचा वाटा ठरवून देता आला पाहिजे. तशी सोय असलेला साधा, दोन अँटेनांचा राउटर घेतला, आणि तिच्या संगणकापर्यंत पोचेल एवढी लांब केबल.

रविवारी सकाळी सल्लागार पुन्हा सभागृहात आला. आता जोडपट्टी. पुन्हा माहितीपट, पुन्हा अकरा, पुन्हा शांतता, पुन्हा शहाण्णव. टाळ्या सुरू होणार तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक हात वर गेला.

“एक विनंती आहे,” आजोबा म्हणाले.

“मोठ्याने!” मागून कुणीतरी ओरडलं.

“विनंती आहे! दोन्ही पट्ट्या तशाच राहू द्या. फक्त सगळ्यांनी फोन परत चालू करा आणि तोच माहितीपट लावा.”

“काका, पट्टीचा समतोल बिघडेल,” सल्लागार घाईने म्हणाला.

“घरी काय आम्ही फोन बंद करून इंटरनेट वापरायचं?” पहिल्या रांगेतली दातांची डॉक्टर म्हणाली. तिने फोन चालू केला. मग शेजारच्याने, मग सगळ्यांनी. “मोजा ना आता.”

सल्लागार लॅपटॉप मिटू लागला. डॉक्टरने उठून तो अलगद स्वतःकडे वळवला आणि बटण दाबलं. बारा. तिने दोन्ही पट्ट्या उपटून टेबलावर ठेवल्या, सगळ्यांना फोन बंद करायला लावले आणि पुन्हा मोजलं. सत्त्याण्णव.

“बिनपट्टीचा एक जास्तच आला की!” ती म्हणाली. सभागृह खदखदून हसलं.

सल्लागाराचा चेहरा उतरला, जीभ नाही. “यंत्राला काय कळतं श्रद्धेचं! काका, आज तुमच्या नातीचा सामना ना? पट्टी काढून खेळवणार? हरली तर कोणाला विचारणार?”

“तिलाच विचारेन,” आजोबा म्हणाले आणि खुर्ची चाचपत बसले.

पाच वाजता सामना सुरू झाला. आजोबा फिरायला गेले नाहीत. स्वतःच्या खोलीत बंद संगणकासमोर, मांडीवर हात ठेवून, वाटा ठरवून दिलेला असूनही, उगीच श्वास जपून घेत बसले. पावणेसातला नात बाहेर आली.

“हरलो.”

“तुटलं?”

“एकदाही नाही! शेवटच्या डावात मी उजवीकडे वळायला हवं होतं, डावीकडे वळले. त्यांची ती मुलगी टपूनच बसली होती. काय खेळते हो ती! कर्णधार म्हणाली, उद्यापासून उजव्या बाजूचा सराव कर.” म्हणजे जागा टिकली होती. आजोबांचा जीव भांड्यात पडला.

बातमी इमारतभर पसरली, आणि आठ वाजता सभागृहातले तिघं-चौघं दारात हजर. “हरली ना?” त्यातला एक खालच्या आवाजात म्हणाला. “आम्ही म्हटलंच होतं. पट्टी काढायला नको होती.”

आजोबांना अनोळखी माणसांसमोर बोलायची भीती वाटते, ओळखीच्यांसमोर त्याहून जास्त. पण ते दारात उभे राहिले आणि एका दमात बोलले. “ती हरली, कारण समोरची मुलगी आज जास्त चांगली खेळली. गुरुवारपर्यंत तिचा खेळ तुटायचा, कारण मी पुस्तकं चढवत होतो. पट्टी या दोन्हींत कुठेच नाही. पट्टीवर विसंबलो असतो, तर मी पुस्तकं चढवतच राहिलो असतो आणि ही डावीकडेच वळत राहिली असती. तुमचं काही अडलं तर आधी घरात विचारा, त्या वेळी कोण काय करत होतं. लिहून ठेवा. एक गोष्ट बदला, पुन्हा बघा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. मी सगळी पुस्तकं वाचून फसलो. या, आत या. राउटर समोरच आहे. स्वतः मोजून बघा.”